काकाजींची पंचवीस काडतुसं

तिगाव स्टेशनात मालगाडी थांबली की काकाजी डबे मोजतात. पुढे चिचोंड्याचा घाट, त्यामुळे गाड्या इथे बऱ्याचदा रखडतात आणि मोजायला वेळ मिळतो. मोजून झालं की ते पानठेल्यावर येतात, खर्रा घोटायला सांगतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, “सिमेंटच्या गाड्या कमी झाल्या बापा. पोतं-दोन पोतं घेऊन ठेवा.” बंद डब्यात सिमेंट आहे की साखर, हे त्यांना बाहेरून कसं कळतं, ते विचारायची सोय नाही. पण त्या आवाजात काहीतरी असतं. ज्याला घर बांधायचं नाही तोसुद्धा दुपारी सिमेंटचा भाव विचारून येतो. असे दहाजण विचारून गेले की दुकानदार पोत्यामागे वीस रुपये चढवतो. रात्री काकाजी जेवताना काकीजींना म्हणतात, “पाय, मी म्हणत नव्हतो?”

अशी माणसं प्रत्येक गावात एक तरी असतात. कुठलाही तुटवडा यांच्या घरून निघतो आणि गावभर फिरून यांच्याच घरी खरा ठरतो. आमच्या काकाजींची गोष्ट निराळी एवढ्यासाठी, की त्यांच्याकडे बंदूकही आहे.

बंदूक म्हणजे बारा बोरची एकनळी. परवाना वडिलांच्या काळचा, पीक संरक्षणाचा, पुढे त्यांच्या नावावर झालेला. संत्र्याची बाग डोंगराच्या अंगाला, त्यामुळे रानडुकरं आणि रोही दोन्ही पाहुणे हक्काचे. वन्यजीवांचा कायदा आला १९७२ साली, तेव्हापासून बंदूक जनावर मारायला नसून आवाज काढायला आहे, असं काकाजी सांगतात. तेवढा आवाज तर सुतळी बॉम्बही काढतो, असं त्यांना एकदा कोणीतरी म्हणालं. काकाजी त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत.

एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. काकाजींचा आकडा पंचवीस. आयुष्यात त्यांनी एकच बार काढला, तुरीत शिरलेल्या रोह्यांवर, तोही आभाळाकडे नळी करून. रोही पळाली, पण काकाजींची झोप गेली. चोवीसच उरली होती ना! तिसऱ्या दिवशी ते छिंदवाड्याच्या गाडीत. नागपूर आम्हाला रेल्वेने सरळ, पण परवाना मध्य प्रदेशापुरता, म्हणून सौसरवरून सिल्लेवानीचा घाट चढून जायचं आणि एक काडतूस घेऊन उतरायचं. दुकानदाराने परवान्यावर नोंद करून विचारलं, “बस, एक ही?” काकाजींनी पंचवीसचा हिशेब समजावला. दुकानदाराने म्हणे आतून आपल्या मुलाला बोलावून दाखवलं, की असंही गिऱ्हाईक असतं.

काडतुसं खडकीच्या कारखान्याची, नाव ‘शक्तिमान’. टीव्हीवरच्या शक्तिमानाच्या काळात आम्ही पोरं त्यांच्या दारात जाऊन उभे राहत असू, की एकदा डबा उघडा, आत तो कसा मावतो ते पाहू. तर हा खडकीचा कारखाना १८६९ सालचा. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या आणि खडकी पुण्याच्या म्युनिशन्स इंडियात गेली. पेपरातली ती एवढीशी बातमी गावात फक्त काकाजींनी वाचली. “मंडळ गेलं. आता कंपनी झाली. कंपनी फायदा पाहन, बारा बोर कायले बनवन?” घरात पंचवीस, परवाना पंचवीसचा. तरी ते घाट चढून गेलेच. दुकानात बसून चहा पिऊन, कपाटात माल आहे ना एवढं डोळ्यांनी पाहून परतले.

या घाबरण्याला त्याआधीच परदेशातून दुजोरा मिळालेला होता, हे वाईट झालं. त्यांचा एक पुतण्या टेक्सासला असतो. २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या दिवसांत, त्याने फोनवर सांगितलं, की इकडे संडासचा कागद संपला, आणि बंदुकीच्या दुकानांपुढे रांगा आहेत, नऊ मिलिमीटरची गोळी मिळत नाही. रोगावर गोळी झाडतात की काय, असं काकीजींनी विचारलं. पुतण्या म्हणाला, रोगासाठी नाही, शेजाऱ्यासाठी. त्या एका वर्षात अमेरिकेत हत्यारखरेदी वगैरेसाठीच्या पार्श्वभूमी-तपासण्या ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेल्या. तिकडे हे आधीही झालेलं होतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एका शाळेत गोळीबार झाला, आता कायदा कडक होणार अशी हवा उठली, आणि पुढे कितीतरी महिने सगळ्यात स्वस्त अशी पॉइंट बावीसची गोळी दुकानात टिकेना. जो तो गरजेसाठी नव्हे, दुसरा घेईल म्हणून घेत होता. पुतण्याने हे हसत हसत सांगितलं. काकाजी हसले नाहीत. एवढ्या मोठ्या देशात आपल्यासारखा विचार करणारी माणसं आहेत, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले होते.

आणि त्याच दिवसांत, आपल्याकडच्या टाळेबंदीत, काकाजींची फजिती झाली. डब्यात काडतुसं पंचवीस, कोठीत गहू दोन साल पुरेल इतका, आणि घरात सुपारीचं खांड नाही! खर्रा बंद होईल, हे काही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आठव्या दिवशी ते भिंतीवरून शेजाऱ्याला म्हणाले, “साखर पायजे का बे? किलोभर देतो. सुपारी असन तर काढ.” पंचवीसातलं एक काडतूसही त्यांनी देऊ केलं होतं असं शेजारी सांगतो. मला खरं वाटत नाही. खर्ऱ्यासाठी माणूस काहीही करेल, पण काकाजी चोवीसवर येणार नाहीत.

२०१६ चं मीठ तर आजही गोठ्यात आहे. नोटा बंद झाल्या ८ नोव्हेंबरला. दोन-तीन दिवसांतच मीठ संपलं, चारशे रुपये किलो झालं, अशी आवई दिल्लीकडून निघून आमच्यापर्यंत आली. काकाजींनी जुन्या पाचशेच्या नोटा देऊन पोतं आणलं आणि एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात झोपले. पावसाळ्यात त्या पोत्याचा एकच दगड झाला. बैल त्याला चाटतात.

दारूगोळा जमवण्याचं म्हणाल, तर आमच्या भागात ते नवं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा-सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. प्रशासनाने मध्यंतरी गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांना ते मानवले नाहीत. काकाजींनी मात्र दोन डझन चेंडू घेऊन ठेवले, गोट्यांवर बंदी आली तर चेंडू कुठं भेटन म्हणून. स्वतः ते गोटमारीला जात नाहीत. सासुरवाडी सावरगावची आहे.

पण काकाजींना पाहायचं तर चैत्रात, गच्चीवर. पावसाळ्यात काडतूस सर्दावतं आणि सर्दावलेलं दगा देतं, म्हणून उन्हाळ्यात ऊन द्यायचं, हा वडिलांचा नेम. खाटेच्या एका अंगाला काकीजींच्या कुरडया, दुसऱ्या अंगाला जुन्या धोतरावर पाच ओळींत पाच-पाच काडतुसं. लाल अंग, पितळी बूड, डुकराची एलजी एकीकडे, बारीक छर्ऱ्यांची चार नंबरी दुसरीकडे. काकाजी छत्री उघडून शेजारी बसतात आणि दर अर्ध्या तासाला प्रत्येकाची कूस बदलतात. कुरडयांकडे बघायचं नाही; ते खातं वेगळं.

काही वर्षांखाली असेच बसले असताना त्यांना डुलकी लागली. हुप्प्या आला तो कुरडईसाठीच, पण हाताला काडतूस लागलं. काकाजी जागे झाले तेव्हा तो समोरच्या चिंचेवर बसून पितळी बूड दातांनी तपासून पाहत होता. अख्खी गल्ली जमली. काकाजी खालून हात जोडून उभे. “काय सांगू मी सरकारले? माकडानं नेलं म्हणून सांगू?” कोणी म्हणालं गोटा मारा, कोणी म्हणालं बार काढा. बार काढला असता तर हिशेब तेवीसवर आला असता. शेवटी काकीजींनी पदरात कुरडया भरल्या आणि एकेक वर फेकायला लागल्या. अर्धं सूप गेल्यावर हुप्प्याने सौदा मान्य केला, काडतूस खाली टाकलं. बुडावर दाताची खूण आहे. ते आता कागदात वेगळं गुंडाळलेलं असतं.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद काकाजींना. आता परवान्याच्या कामाला छिंदवाडा नको. चारच दिवसांनी, ९ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यारं ठाण्यात जमा करा म्हणून हुकूम आला. काकाजींनी बंदूक पुसली, तेल दिलं, पंचवीस काडतुसं मोजून दिली, दातवालं वेगळं दाखवलं. पावती बंडीच्या आतल्या खिशात. पुढच्या मार्चमध्ये लोकसभेला पुन्हा तेच. त्या साली बंदूक घरी कमी आणि ठाण्यात जास्त होती. काकीजी म्हणायच्या, बाळंतपणाला गेलेली लेकही इतके दिवस माहेरी राहत नाही.

डुकरांना कोणी आचारसंहिता सांगितली होती का कोण जाणे. विधानसभेच्याच त्या दिवसांत एका रात्री उशिराच्या मक्यात ती शिरली, दहा-बाराचा कळप. ताटं मोडल्याचा आवाज खोपडीपर्यंत येत होता. काकाजी उठले, सवयीने खुंटीकडे हात गेला, खुंटी रिकामी. मग खिशात हात गेला, पावती. ती हातात धरून ते अंधारात नुसते उभे राहिले. काकीजींनी कोनाड्यातला काडतुसांचा डबा ओढला, जुना बिस्किटांचा, पत्र्याचा, आता मोकळा, आणि त्यावर सराट्याने असं काही बडवलं, की डुकरं नाल्यापार झाली आणि तिकडे स्टेशनावरची कुत्री भुंकायला लागली.

सकाळी पहिल्या ऑटोने काकाजी पांढुर्ण्याच्या बाजारात हजर. परतताना बगलेत पत्र्याचे चार डबे. पानठेल्यावर टेकले, खर्रा घोटायला सांगितला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सारं प्लास्टिकचं येऊन राहिलं बापा. पत्र्याचे डबे बंद होणार. एक-दोन घेऊन ठेवा.”