नाटक बोरिवलीला, नट नायगावला

वसईकराला नाटक बघायचं असेल तर त्याने आधी रेल्वेचं वेळापत्रक बघावं, मग नाटकाची जाहिरात. पेपरातलं प्रयोगांचं पान उघडलं की आमची नजर कलाकारांवर थांबतच नाही, थेट ठिकाणावर जाते. प्रबोधनकार ठाकरे, बोरिवली, दुपारी ४ म्हणजे घरात दिवाळी. दीनानाथ, पार्ले असेल तर विचार करू. शिवाजी मंदिर, दादर, रात्री ८.३० असेल, तर दुसऱ्या दिवशीची रजा टाकूनच तिकीट काढायचं.

पुण्याच्या साडूंना हे पटेना. “२०११च्या जनगणनेत बारा लाखांच्या वर माणसं तुमची, आणि नाटकाला खाडी ओलांडायची?” त्यांच्याकडे १९६८ पासून बालगंधर्व आहे. पुणेकर जेवून, वामकुक्षी आटोपून, चालत नाटकाला जातो आणि तरी उशीर झाला म्हणून कुरकुरतो. आमच्याकडे डिसेंबरअखेर कला-क्रीडा महोत्सव भरतो, मैदानावर एकांकिकाही रंगतात. पण गाजलेल्या नाटकाचा प्लॅन लागला म्हटलं की तोंड दक्षिणेकडेच.

रविवार, त्यात जम्बोब्लॉक. तरी निघालो. बरोबर साडू, आगाशीची मावशी, आणि मावशीच्या पर्समध्ये सुकेळी. उन्हात वाळवलेली ही केळी पानात गुंडाळून घेतल्याशिवाय ती तालुक्याबाहेर पाऊल टाकत नाही.

नायगाव आलं तशी मावशी गाइड झाली. “इथे सीरियलचे स्टुडिओ आहेत. वाडे, हवेल्या, देवळं, सगळं प्लायवूडचं. मागून बघितलं तर नुसत्या फळ्या नि खिळे!” साडू खिडकीतून शोधत राहिले, दिसली ती खाडी, आणि आला तो तिचा वास. मग किल्ल्याचा विषय निघाला. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतलेल्या वसईच्या किल्ल्यात आता कॅमेरे मोर्चे लावतात. २०१६ साली कोल्डप्लेच्या गाण्यातसुद्धा तो दिसला. म्हणजे शूटिंग आमच्या दारात, आणि बघायला आम्ही तिकीट काढून परगावी.

बोरिवलीला वेळेवर पोचलो. वडा झाला, चहा झाला, पहिली घंटा झाली. दुसरी झाली. तिसरी होईना. पडद्याआडून आवाज आला, “रसिकहो, प्रमुख कलाकार वाहतूक कोंडीत अडकल्यामुळे प्रयोग थोडा उशिरा सुरू होईल.” मागच्या रांगेतल्या गृहस्थांकडे जास्तीची बातमी होती: नायक सकाळपासून नायगावला शूटिंगला होता, आता गाडीने येतोय, वर्सोवा पुलाच्या अलीकडे अडकलाय.

मावशी ताठ झाली. “म्हणजे आपण त्याच्याच गावावरून आलो की! सांगितलं असतं तर आणला असता बरोबर. चौथी सीट मिळाली असती.”

नायक आला तो तासाभराने. पहिल्या प्रवेशात तो परदेशातून दमूनभागून घरी येतो. हा अभिनय त्याने अप्रतिम केला. टाळ्यांत साडूंचा आवाज सर्वांत मोठा. पुणेकराने टाळी वाजवली म्हणजे प्रयोग खरोखरच चांगला झाला असणार.

परतीला बोरिवलीहून विरार लोकलमध्ये चढलो. चढलो म्हणजे मागच्यांनी चढवलं. दोन अंकांचं साडूंचं रसग्रहण दाराशीच चेंगरलं आणि “उद्या सिनेमा बघू, तोही तुमच्या गावातच,” एवढंच बाहेर आलं.

सिनेमाची आमच्याकडे ददात नाही. मॉल आहेत, मॉलवर पडदे आहेत, आणि एकेकाळी याच विरारचा छोकरा म्हणून गोविंदाने सगळा देश नाचवलाय. दुसऱ्या दिवशी रिक्षाने दहा मिनिटांत पोचलो. खाडी नाही, ब्लॉक नाही, साडू खूश. दारात रखवालदाराने मावशीची पर्स उघडायला लावली.

“आजी, हे आत चालणार नाही.”

“का?”

“बाहेरचं खाणं आहे.”

“बाहेरचं?” मावशीचा आवाज पार तिकीट खिडकीपर्यंत गेला. “आगाशीचं आहे हे! बाहेरचे तुमचे ते पॉपकॉर्न.”

पोरगा बिचारा नियम सांगत राहिला. मावशीने पान सोडलं, तिथेच उभ्या उभ्या एक सुकेळं साडूंच्या हातात दिलं, एक माझ्या, एक स्वतःच्या तोंडात, आणि उरलेलं त्या पोराला. त्याने इकडेतिकडे बघून खाल्लं.

“कुठला रे तू?”

“नायगावचा.”

“मग शूटिंगला का नाही जात?”

“जायचो, आजी. गर्दीत उभं करायचे.”

जाहिराती संपून सिनेमा सुरू झाला तरी मावशी दारातच होती. कुठल्या सीरियलच्या कुठल्या भागात, ते तिला नक्की हवं होतं.