कण्याला आलेलं पत्र

पैठण रोडवर चितेगावला चहाला थांबलं, की कधीतरी कैद्यांची गाडी दिसते. हर्सूल कारागृहाच्या उंच भिंतीआडून पैठणच्या खुल्या कारागृहाकडे निघालेली. चांगलं वागलेल्या कैद्याला बंदिस्तातून खुल्यात जाता येतं. चांगलं वागलेल्या पहारेकऱ्याला तशी सोय नाही. त्याला आभार मिळतात.

आभारपत्राचं पहिलं वाक्य कोणत्याही खात्यात सारखंच: आपण विभागाचा कणा आहात. कणा म्हटलं की ओझं आलंच. २०१६ची आदर्श कारागृह नियमावली सहा कैद्यांमागे एक पहारेकरी मागते. इथे राज्यभरात पंचवीस-सत्तावीस हजारांच्या जागेत चाळीस हजारांच्या आसपास कैदी मुक्कामाला. वऱ्हाड दीडपट झालं, तरी वाढपी तेच.

मग पत्रात नवी खबर येते: कॅमेरे, ड्रोन, ई-मुलाकात. मुलाकात अर्थातच कैद्याची. शिपायाला घरचं तोंड दाखवणारी लिंक अजून निघायची आहे. खात्याचं ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’. कोणाचं, ते पाटीवर लिहिलेलं नाही.

बाकी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला राष्ट्रपतींची पदकं जाहीर होतात. त्या दिवशी झेंडावंदन असतं, म्हणून ड्युटी पहाटेचीच.