'काही होत नाही, गाडी काढा' म्हणणाऱ्या साहेबांना खुले पत्र

चारकोप, कांदिवली (पश्चिम)

साहेब,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी आज मोडतो, कारण तुमच्याविषयी माझ्या मनात प्रेम नाही. तुमचं नाव आणि हुद्दाही लिहीत नाही. लष्करात, निमलष्करी दलात, पोलिसांत, जिथे जिथे सुरुंगांच्या रस्त्यावर माणसं पाठवायचा हुकूम निघतो, तिथे कधी ना कधी तुम्ही त्या खुर्चीत बसलेले असता. तुमची ओळख दोन वाक्यांवरून पटते. बैठकीत तुम्ही म्हणता, "रस्ता मोकळा करणं हे खास लोकांचं काम, त्यात दुसऱ्या ट्रेडची लुडबूड नको." (ट्रेड म्हणजे भरतीच्या वेळी ठरलेलं काम.) आणि घाईच्या दिवशी म्हणता, "काही होत नाही, गाडी काढा."

1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनी, गाडी निघाली होती. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली होती. त्यानंतर निघालेलं शीघ्र कृती दल जांभुळखेड्याजवळ सुरुंगात सापडलं. 15 पोलीस गेले, आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालकही गेला. रस्ता आधी तपासला नाही, नियमावली पाळली नाही, अशी टीका तेव्हा राज्यभर झाली. पुढे 26 एप्रिल 2023 ला दंतेवाड्यातल्या अरनपूरला 10 जवान आणि गाडीचा चालक. 6 जानेवारी 2025 ला बिजापूर जिल्ह्यात कुटरूच्या रस्त्यावर 8 जवान आणि गाडीचा चालक.

या तीन तारखा नीट वाचा. तिन्ही गाड्यांत एक माणूस असा होता की ज्याच्याकडे ना गणवेश होता, ना ट्रेड. दुसऱ्या ट्रेडच्या लोकांना या कामात घ्यायचं की नाही, यावर तुमचे कागद वर्षानुवर्षं फिरतात. भाड्याच्या गाडीच्या चालकाला मात्र तुम्ही कधीच घेऊन टाकलंत. त्याला प्रशिक्षण नाही, भत्ता नाही, अंगावर जाकीट नाही. पुढे सुरुंग आहे की नाही, हे त्याने आपल्या चाकाने तपासायचं. तुमच्या धाडसाचं कौतुक करणारे पुष्कळ असतील. ते धाडस दुसऱ्याच्या जिवावर चालतं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

रस्ता मोकळा करणं म्हणजे हातात मेटल डिटेक्टर घेऊन चालणं, एवढीच तुमची समजूत दिसते. दंडकारण्यात सुरुंग पेरणारे कडेने बीळ पाडून डांबराखाली शिरतात. वरचं डांबर जागचं हलत नाही. स्फोटकं खोल असली, डबा धातूचा नसला, की यंत्र गप्प राहतं. मग उरतो तो डोळा. मोरीच्या तोंडाशी नव्याने रचलेले दगड, कडेच्या हिरव्या झुडपात मध्येच सुकलेली फांदी, मातीचा बदललेला रंग, बाजाराच्या दिवशी ओस पडलेलं गाव. काही माणसं रस्ता सोडून दोन्ही अंगांनी झाडीतून चालतात, कारण स्फोट घडवणारी वायर तिकडेच कुठेतरी संपते आणि तिच्या टोकाशी माणूस बसलेला असतो. श्वान थकलं की त्याचं नाक चुकतं, आणि ते थकलंय हे फक्त त्याला सांभाळणाऱ्यालाच कळतं. टेकडीवर पहारा देणारे वेगळे, वायरलेसवाला वेगळा, जखमीला उचलणारा वेगळा. इतक्या हातांचं काम एका ट्रेडच्या वहीत मावत नाही.

आता तुम्ही सुरुंग काढणाऱ्या अभियंता जवानांचं, बॉम्बे सॅपर्सचं, नाव पुढे कराल. खुशाल करा, खडकीच्या त्या सॅपर्सचा मलाही अभिमान आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढले. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन सॅपर गेले, पाच जण जखमी झाले, त्यात ते स्वतः होते. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी काम पुन्हा हातात घेतलं. पुढे एका दिवशी ते सलग सतरा तास राबले. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या पहिल्या वीरांपैकी ते एक. पण त्या दिवसांचा हिशेब पुरता मांडा. सोबत डोग्रा पायदळ होतं, रणगाडे होते. सुरुंगाला हात घातला तो राणेंच्या माणसांनी, कारण त्यांना ते शिकवलेलं होतं. राणे हे पोलीस कॉन्स्टेबलचे चिरंजीव. 1940 मध्ये ते साधे जवान म्हणून भरती झाले. हे कसब त्यांनी घरून आणलं नव्हतं, सैन्याने त्यांना ते दिलं. ज्याला शिकवाल तो शिकेल, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तुमच्या मक्तेदारीला त्यात आधार नाही.

लांब कशाला, मुंबईतच पाहा. 26/11 नंतर आठवडाभराने, 3 डिसेंबर 2008 ला, सीएसटीवर बेवारस सामानाच्या ढिगात जिवंत बॉम्ब सापडला. तोवर त्या स्थानकातून रोज हजारो माणसं जात-येत होती. तो निकामी केला पोलिसांच्याच बॉम्ब शोधक व नाशक पथकाने. अशा पथकांतली माणसं पोलीस खात्यातलीच असतात, शिकवून तयार केलेली.

शिकवायची सोय नाही, असंही म्हणता येत नाही. दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तळेगावला केंद्रीय राखीव पोलीस दलाची आयईडी (गावठी बॉम्ब) व्यवस्थापन संस्था आहे. दोन्ही पुणे जिल्ह्यात.

चारकोपच्या मैदानांवर पहाटे मुलं धावतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी अग्निवीर व्हायला. म्हाडाच्या छोट्या घरांतून आलेली ही मुलं ट्रेड निवडतात तेव्हा त्यांना खरं तर एवढंच ठाऊक असतं की दहावीवर काय मिळतं आणि बारावीवर काय. त्या एका निवडीवर माणसाची पुढची लायकी कायमची ठरवून टाकणं मला मान्य नाही. लंगरातला जवान, गाडी चालवणारा जवान, भांडारातला कारकून, यांच्यात सुरुंगाच्या खुणा हेरणारा तो डोळा असेल आणि तो स्वतःहून पुढे येत असेल, तर दार उघडा. मात्र परीक्षा तीच, प्रशिक्षणाचा काळ तोच, भत्ता तोच. सॅपरला जे शिकवता त्यात एका दिवसाचीही सूट नको. आणि शिकलेल्याला दोन वर्षांत बदलीवर पाठवू नका.

अग्निवीरांचं तर माझ्या मनाला फार लागतं. चार वर्षं झाली की शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस सेवेत राहणार, बाकीचे घरी. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. त्यातला सुरुंग काढायला शिकलेला सॅपर घरी परत येईल आणि कुठल्यातरी मॉलच्या दारात उभा राहील. तिकडे गडचिरोलीच्या, नागपूरच्या बॉम्ब शोधक पथकांना असा माणूस हवा असताना त्याची थेट निवड का होऊ नये?

आता नक्षलवाद संपला, असं म्हणू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, ही आनंदाचीच गोष्ट. पण पेरणारा शरण आला तरी पेरलेलं जमिनीतच राहतं. त्या रस्त्यांवरून आता एसटी धावेल, तेंदूपत्त्याचे ट्रक धावतील, शाळेची मुलं चालत जातील. रस्ते तपासणाऱ्यांची गरज अजून बरीच वर्षं राहणार आहे.

म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. जो शिकायला तयार आहे, त्याला ट्रेड विचारून परत पाठवू नका. आणि रस्ता तपासून झाल्याचा निरोप येईपर्यंत कोणत्याही चालकाच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका.

चारकोपचा एक रहिवासी