जावई रुसले

लग्नघरात एक तरी जावई रुसतोच. कारण विचारू नये. आहेरापासून पंगतीतल्या जागेपर्यंत काहीही चालतं. फ्रेंच फुटबॉलच्या मांडवात हा मान पंधरा-सतरा वर्षं हातेम बेन आर्फाकडे होता.

लक्षण पोरवयातच दिसलं. पॅरिसजवळच्या क्लेरफॉन्तेनच्या निवासी प्रशिक्षण केंद्रातल्या मुलांवर एक माहितीपट निघाला. त्यात कोवळे हातेमराव अबू दियाबीशी हमरीतुमरीवर आलेले दिसतात, तेही कॅमेरा चालू असताना! पुढे लियाँकडून लागोपाठ चार वेळा लीग जिंकली आणि मार्सेय गाठलं. तिथे सरावातच जिब्रिल सिसेशी जुंपली. 2010 साली मार्सेयबरोबरही लीग जिंकली. एवढं झाल्यावर माणूस सुखाने राहील की नाही? यांना न्यूकॅसलला जायचं होतं, म्हणून यांनी सरावाला येणंच बंद केलं.

तरीही लोक समजूत काढायला का धावायचे? उभे राहायचे उजवीकडे, पाय डावा. चेंडू आला की क्षणभर थांबणार, खांदा झुकवणार, आत वळणार. बचावपटूला ठाऊक, शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही ठाऊक. अडवता कुणालाच येत नसे. एप्रिल 2012 मध्ये बोल्टनविरुद्ध चेंडू स्वतःच्या अर्ध्यात घेतला आणि एकट्याने पळवत थेट जाळ्यात घातला. न्यूकॅसलचे आणखी दहाजण मैदानावर होते, हे तो गोल बघताना आठवतसुद्धा नाही.

दैवानेही छळलं, हे कबूल करायला हवं. न्यूकॅसलला आल्या आल्या, ऑक्टोबर 2010 मध्ये, निगेल डी याँगच्या धडकेत पायाची दोन्ही हाडं मोडली. तो हंगाम गेला. पण युरो 2012 मध्ये स्वीडनकडून हरल्यावर ड्रेसिंगरूममध्ये मोबाईल बघत बसले, ते कुणी सांगितलं होतं? फ्रान्सचे प्रशिक्षक लोराँ ब्लाँ रागावले, तर ‘पसंत नसेन तर घरी पाठवा’ अशा अर्थाचं यांनी त्यांनाच सुनावल्याचं वर्तमानपत्रांत आलं. 2014 मध्ये हलकडे उसने गेले. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पस्तिसाव्या मिनिटाला बाहेर बोलावलं गेलं आणि थोड्याच दिवसांत प्रशिक्षक स्टीव्ह ब्रूस जाहीरपणे सांगू लागले की स्वारी कुठे आहे, मला माहीत नाही.

आणि मग नीस! आधी नियमाने अर्धं वर्ष ताटकळत ठेवलं, कारण एका हंगामात दोनच क्लबांकडून खेळायची मुभा होती आणि त्याच हंगामात हलखेरीज न्यूकॅसलच्या 21 वर्षांखालच्या संघाकडूनही एक सामना खेळून झाला होता. पण पुढच्या हंगामात जावई मनापासून जेवले. लीगमध्ये 17 गोल! असे लोक खुशीत असले की घर उजळतं. म्हणून तर आधीचं सगळं माफ होतं.

खुशीच्या भरात पीएसजीला गेले. 5 एप्रिल 2017 रोजी आव्राँशविरुद्ध दोन गोल केले आणि त्यानंतर पीएसजीने यांना एकही सामना खेळवला नाही. आता दुसऱ्या कुणी आदळआपट केली असती. यांनी एप्रिल 2018 मध्ये चक्क वर्षपूर्तीचा केक आणला, त्यावर मेणबत्ती लावली आणि हसत काढलेला फोटो साऱ्या जगाला दाखवला. अबोल्याचा वाढदिवस साजरा करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पुढच्याच वर्षी रेनकडून फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात याच पीएसजीला हरवलं. त्या दिवशी केकची गरज पडली नाही.

शेवटचा मुक्काम लील. तिथेही 2022 मध्ये प्रशिक्षकांशी वाजलंच. त्यानंतर स्वारी पॅडेल या रॅकेटच्या खेळाकडे वळली. चहूबाजूंनी बंदिस्त छोटं मैदान, जाळीच्या अलीकडे दोघं, पलीकडे दोघं. राखीव बाक नाही. आणि जोडीदाराला पास द्यायची तर त्या खेळाच्या नियमातच सोय नाही.