नाईलवरची सक्तीची विश्रांती

नाईल क्रूझची जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. डेकवरच्या आरामखुर्चीत एक बाई टोपी डोळ्यांवर ओढून पहुडलेली, हातात लालभडक सरबताचा ग्लास, मागे खजुरीची झाडं आणि संथ पाणी. ही बाई मराठी नाही हे एका नजरेत कळतं. मराठी असती तर सरबत पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं, हे तिनं आधी विचारलं असतं. धरलंय म्हटल्यावर आणखी एक मागवलं असतं, आणि मग ‘एवढे पैसे भरून लोळायला आलो का?’ म्हणत नवऱ्याला उठवून देऊळ बघायला नेलं असतं.

आम्ही सगळे कॉलेजपासूनचे मित्र, आता सहकुटुंब आणि सगोळ्या, म्हणजे रक्तदाबाच्या. ‘या वेळी धावपळ नको, फक्त आराम’ हा ठराव एकमतानं मंजूर झाला होता. अंमलबजावणी मात्र आमच्यातल्या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याकडे गेली. त्याला आम्ही नियोजक म्हणतो. त्यानं एक्सेल शीट पाठवलं. वर ठळक अक्षरांत ‘आरामदायी नाईल क्रूझ’ आणि खाली पहिलीच ओळ : ‘पहाटे ३.४५ – उठणे.’

‘पावणेचारला उठून काय करायचंय रे?’

‘लक्सरला बलून आहे. सूर्योदय वरून बघायचा.’

‘सूर्य डोंबिवलीतही उगवतो.’

‘तिथे तू कधी बघितलास?’

यावर उत्तर नव्हतं.

खजिनदाराची शंका वेगळीच होती. हा आयुष्यभर बँकेत होता आणि अजूनही दुसऱ्याच्या खर्चाकडे कर्जाच्या अर्जासारखा बघतो. लक्सर ते आस्वान अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडंसंच वर. रेल्वे ते तीन-चार तासांत तोडते. जहाजाला चार रात्री लागतात. त्यातही निम्म्या रात्री जहाज लक्सरला नाही तर आस्वानला धक्क्याला बांधलेलं असतं. ‘म्हणजे आपण उभ्या जहाजाचं भाडं भरतोय,’ असा त्यानं निष्कर्ष काढला. आकडेमोडीत चूक नव्हती.

उभ्या जहाजाची गंमत वेगळीच असते. धक्क्यावर जागा कमी आणि जहाजं भारंभार, त्यामुळे ती एकाला एक खेटून उभी करतात. काठाला लागून पहिलं, त्याला चिकटून दुसरं, मग तिसरं. तुमचं जहाज चौथं असेल तर आधीच्या तिघांच्या लॉबीतून, त्यांच्या झुंबरांखालून, त्यांच्या रिसेप्शनिस्टला सलाम करत घरी यायचं. सकाळी मी मोठ्या उत्साहानं पडदा सारला. समोर नाईल नव्हती. हाताच्या अंतरावर शेजारच्या जहाजाची खिडकी होती आणि तिच्यात एक गोरे आजोबा बनियनवर दाढी करत होते. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. त्यांनी पडदा ओढला.

लक्सरमध्ये पूर्वेचा काठ जिवंतांचा आणि पश्चिमेचा मेलेल्यांचा. राजांच्या दरीत साठाहून अधिक थडगी आहेत, पण साध्या तिकिटात तीनच बघता येतात. तुतनखामेनचं तिकीट वेगळं. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरनं त्याचं थडगं उघडलं तेव्हा सोन्यानं भरलेलं होतं. ते सगळं सोनं पुढे कैरोला गेलं. खजिनदारानं तिकीट खिडकीवरच सुनावणी घेतली. ‘खोली छोटी, सामान कैरोत, मग पैसे कशाचे?’

‘अरे, तो स्वतः आहे ना आत!’ नियोजक म्हणाला.

‘मालक आहे, सामान नाही. मग भाडं कमी हवं.’

शेवटी बायका आत जाऊन आल्या आणि आम्ही बाहेर त्यांच्या पिशव्या धरून उभे राहिलो.

जहाज चालू लागलं की मात्र नदी दिसते. दोन्ही काठांना हिरवी पट्टी, तिच्यात खजूर, केळी, म्हशी, म्हशींच्या आजूबाजूला बगळे. आणि पट्टी संपली की लगेच वाळवंट, मध्ये काहीच नाही. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे नकाशावर आपण खाली जात असतो आणि प्रवाहात वर. ‘वरचा इजिप्त’ नकाशात खाली असतो तो यामुळेच. वारा मात्र बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो, म्हणून शीड उभारलं की वर जायचं, शीड उतरवलं की प्रवाहाबरोबर खाली यायचं. हजारो वर्षं इथल्या नावाड्यांनी याच सोयीवर वाहतूक केली. ही माहिती मी डेकवर सगळ्यांना दिली. ऐकत कोणीच नव्हतं, कारण आमच्या सांगलीकर मित्राला ऊस दिसला होता.

वरच्या इजिप्तमध्ये उसाची शेती मोठी आहे हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्यानं एकही देऊळ मनापासून बघितलं नाही. दुर्बीण डोळ्यांना लावून तो कठड्याशी उभा. ‘लावण दाट झालीय... पाणी पाटानं देत असणार... हे बघ, तोडणी चाललीय, गाढवावर मोळ्या!’ एकदा उतरून मुळाशी माती कशी आहे ते बघायचंच, म्हणून त्यानं मॅनेजरला जहाज काठाला लावायची विनंती केली. मॅनेजर हसला आणि त्याला चहा दिला. इजिप्तमध्ये ‘नाही’ म्हणण्याची ही पद्धत आम्हाला पुढे बऱ्याचदा अनुभवायला मिळाली.

एडफूला पहाटे घोडागाड्यांतून जायचं. अंधारात शंभर एक टांगे, प्रत्येक टांगेवाला ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ असं ओरडतोय, घोड्यांची लीद, पेंगुळलेले पर्यटक. आमचा टांगेवाला घोड्याचं नावही अमिताभच सांगत होता. फ्रेंच लोकांना काय सांगत असेल कोण जाणे. होरसचं हे देऊळ इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये पुरं झालं, म्हणजे १८० वर्षं काम चाललं. सोसायटीच्या पुनर्विकासावर सही करून भाड्याच्या घरात राहणाऱ्या खजिनदाराला हे ऐकून जरा धीर आला.

कोम ओम्बोचं देऊळ दोन देवांचं. एका बाजूला मगरमुखी सोबेक, दुसऱ्या बाजूला होरस. दोन दारं, दोन गाभारे, सगळं जोडीनं. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ओळीनं ठेवल्या आहेत. जिवंत मगरी आता आस्वानच्या धरणाच्या पलीकडे, नासर सरोवरात. अलीकडे आपण सुरक्षित. पण खजिनदार थांबला तो आवारातल्या विहिरीपाशी. पुराचं पाणी किती चढलं ते पुजारी इथे मोजत. पाणी बेताचं चढलं की पीक चांगलं, आणि पीक चांगलं की कर जास्त. साऱ्या इजिप्तमध्ये एकाही देवापुढे न वाकलेला आमचा खजिनदार त्या विहिरीत बराच वेळ वाकून बघत होता. ‘डोकं होतं या लोकांना,’ एवढंच म्हणाला.

आणि अबू सिंबेल. आस्वानहून जवळजवळ तीनशे किलोमीटर, वाळवंटातून, निघायची वेळ पहाटे चार. हातात नाश्त्याचा खोका : कोरडा पाव, उकडलेलं अंडं, चीजचा त्रिकोण आणि एक केळं. एका मित्राच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पिशवीतून लसणाची चटणी काढली म्हणून तो पाव घशाखाली उतरला. तिथे पोचलो तर दुसरा रामसेस चार-चार वेळा बसलेला, प्रत्येक मूर्ती वीसेक मीटर उंच, हात मांडीवर, चेहऱ्यावर शून्य घाई. सगळ्या सहलीत निवांत बसलेला हा पहिलाच माणूस आम्हाला भेटला. तर कळलं की त्यालाही सुखानं बसू दिलेलं नाही. आस्वानचं मोठं धरण बांधायला घेतलं तेव्हा पाण्याखाली जाईल म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये अख्खं देऊळ कापून, तुकड्या-तुकड्यांनी ६५ मीटर वर नेऊन पुन्हा मांडलं. ‘त्याच्याही पाठीमागे कोणी नियोजक होता,’ माझी बायको म्हणाली.

इस्ना मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, खरं तर ते लक्सर सोडल्यावर लगेच लागतं. तिथे नदीवर बंधारा आहे आणि जहाजांना पलीकडे जायला दारं असलेला हौद, लॉक म्हणतात तो. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी भरून जहाज वर उचलायचं आणि पुढचं दार उघडायचं. एका वेळी दोनच जहाजं आत मावतात. बाकीची रांगेत. आमच्यापुढे किती जहाजं होती ते मोजायचं नियोजकानं मध्येच सोडून दिलं.

आणि मग पाण्यातून हाका आल्या. छोट्या वल्ह्यांच्या होड्या जहाजाला दोर टाकून चिकटल्या होत्या आणि त्यांतले पोरगे गळ्यापासून पायापर्यंतचे झगे, म्हणजे गलाबिया, टेबलक्लॉथ, शाली उलगडून दाखवत होते. ‘नमस्ते! मॅडम! व्हेरी चीप! अमिताभ!’ आम्ही चौथ्या मजल्याच्या उंचीवर. गिऱ्हाईक वर आणि दुकान खाली, मग व्यवहार कसा व्हायचा? तेवढ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक गलाबिया सूं करत वर आला आणि खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या खजिनदाराच्या पोटावर आदळला.

‘हे काय? मी मागवलं नाही!’

‘नाऊ युवर्स, सर!’ खालून उत्तर.

आमच्या वहिनी, तुळशीबागेत चाळीस वर्षं घासून तयार झालेल्या, कठड्याशी आल्या. त्यांनी पाकीट फोडलं, शिवण बघितली, कॉलरवरचा धागा ओढला, तोंड वाकडं केलं आणि गलाबिया पुन्हा गुंडाळून खाली फेकला. तो होडीच्या अलीकडेच पाण्यात पडला. पोरानं शांतपणे वल्ह्यानं ओढून घेतला. प्लॅस्टिक त्यासाठीच असतं. दुसरा रंग वर आला. वहिनींनी बोटांनी किंमत सांगितली. खाली त्यानं कपाळावर हात मारला, आईची शपथ घेतल्यासारखं काहीतरी केलं, होडी सोडून निघाल्याचं नाटक केलं. वहिनी पाठ वळवून चालू लागल्या. हे मात्र नाटक नव्हतं आणि ते त्याला कळलं. ‘ओके, ओके, मॅडम!’ पैसे त्याच पिशवीत घालून, वजनाला केबिनमधला साबण टाकून, खाली गेले. साबण त्यानं परत केला नाही.

त्यानंतर मात्र कोणाला काहीच करता येईना. देऊळ नाही, टांगा नाही, उतरायला काठ नाही. मोबाईलला रेंज नाही. नियोजकानं शीट काढलं. त्यात या वेळेला काहीच नव्हतं. तो दोन-तीनदा उठला, बसला, आणि मग पाय समोरच्या खुर्चीवर टाकून खरोखर झोपला. सांगलीकरानं दुर्बीण खाली ठेवली. वेटरनं करकदे आणून दिलं. जाहिरातीतल्या बाईच्या हातातलं तेच लाल सरबत, आपल्याकडच्या लाल अंबाडीच्या बोंडांचं. आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगबद्दल बोलत बसलो, मग तेही संपलं, आणि कोणी काही बोललंच नाही तरी चाललं. आरामासाठी मराठी माणसापुढे दुसरा पर्यायच उरता कामा नये, असं माझं मत तिथे पक्कं झालं. रात्री केबिनमध्ये टॉवेलचं माकड हॅंगरला लटकलेलं होतं आणि खजिनदाराचा संध्याकाळपासून हरवलेला चष्मा त्याच्या नाकावर होता.

तेव्हा जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि लक्सरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ घ्या. आस्वानहून उलटी निघालात तर सहसा तीनच मिळतात. खोली वरच्या मजल्यावरची मागा, सुट्टे पैसे जवळ ठेवा, पाकिटाला वजन म्हणून साबण वापरू नका. आणि इस्नाला जहाज अडकलं तर रिसेप्शनवर जाऊन ‘अजून किती वेळ?’ विचारू नका. तिथल्या माणसाला ते ठाऊक नसतं, आणि असलं तरी तो ‘पाच मिनिटं’च म्हणतो.