हेडरूमवाले तात्या

गावाकडे कोणाच्या घरी गेलं की माणूस आधी पाणी पितो, मग पाऊसपाण्याचं विचारतो. तात्या आधी टीव्हीखालचं कपाट बघतात. तिथे होम थिएटरचा काळा डबा दिसला की पाण्याचा तांब्या तसाच राहतो आणि प्रश्न येतो, "किती वॅटचं?" घरमालक कौतुकाने सांगतो, "पाच हजार. खोक्यावर छापलंय की!" तात्या उठतात, डब्यामागची वायर चाचपत भिंतीपर्यंत जातात आणि टू-पिन प्लग दिसला की तिथेच उकिडवे बसतात.

"विहिरीवर मोटार कितीची?"

"पाच एचपी."

"एका एचपीला ७४६ वॅट. म्हणजे झाले ३,७३०. तिला थ्री फेज लागतं, स्टार्टर लागतो. तुमचा डबा तिच्याहून दांडगा, आणि चालतो कशावर तर ह्या प्लगावर? मोटार विकून टाका. ऊस ह्याच्यावरच भिजवा."

घरमालक हसतो, पण त्या दिवसापासून त्याचा त्या डब्यावरचा विश्वास उडतो. तात्यांनी अशी बरीच घरं नासवली आहेत.

तात्या म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. बारामती-इंदापूर पट्ट्यात मोठ्या गावात असा एक तरी असतोच. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झालेला, किंवा पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारा, किंवा विज्ञान शिकवता शिकवता वाया गेलेला मास्तर. आपण नमुन्यादाखल नरसिंहपूरचे तात्या घेऊ. पुणे जिल्ह्याच्या अगदी टोकाला, नीरा भीमेला मिळते तिथलं हे गाव. नदीपलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. तात्यांची वस्ती गावाबाहेर मळ्यात आहे, आणि ती तिथेच असावी यावर गावात एकमत आहे.

त्या खोक्यावरच्या पाच हजारांचं म्हणाल तर तात्यांचं गणित चोख आहे. साध्या सहा अँपियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,३८० वॅट ओढता येतात. खोक्यावरचा आकडा 'पीएमपीओ' नावाचा असतो. क्षणाच्या कुठल्याशा भागात, सगळे स्पीकर एकत्र धरून, जमेल तेवढा फुगवून सांगितलेला. त्याला धड मोजमाप नाही. सतत देता येणारी खरी ताकद म्हणजे 'आरएमएस', आणि ती अशा डब्यात बहुधा पन्नास-साठच्या पुढे जात नाही. हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतही कंपन्या इतक्या सुटल्या होत्या की १९७४ साली तिथल्या सरकारला घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद कशी मोजून छापायची याचा नियम करावा लागला. तात्यांना आपल्या आमदारांची कामं सांगता येणार नाहीत, पण हा नियम कलमासकट पाठ आहे.

तात्यांचं स्वतःचं मशीन (गावात ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणतात) दर बाजूला १०० वॅट आरएमएसचं. पहिलं त्यांनी स्वतः जोडलं होतं, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून, टूएन ३०५५ ट्रान्झिस्टरवर. ते तापलं की त्यावर पापड भाजला जाई, असं काकू सांगतात. मग ५० वॅटचं आलं आणि त्यानंतर हे शंभराचं. ते आलं त्या दिवशी तात्यांनी काकूंना समोर बसवलं, आधी जुनं वाजवलं, मग नवं. काकू म्हणाल्या, "काय फरक पडला?" तात्या चार दिवस बोलले नाहीत. पण शास्त्र काकूंच्या बाजूने होतं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज ऐकायला दुप्पट वाटायचा तर सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे वॅट दहापट. ५० चे ५००. त्याला पैसे लागतात, आणि पैशांच्या चाव्या काकूंकडे आहेत.

मग शंभर तरी कशाला? याचं उत्तर तात्या नेहमी संगमावर नेऊन देतात. उन्हाळ्यात नीरेचं पात्र बघितलं तर गुडघाभर पाणी, कडेला वाळू. पण उजनी आणि वीर धरणांचे दरवाजे एकाच वेळी उघडले की इथल्या विसर्गाचा आकडा लाखभर क्युसेकच्या वर जातो. पूल कशाच्या हिशेबाने बांधायचा, उन्हाळ्याच्या की पुराच्या? "वर्षातले तीनशे दिवस तो पूल रिकामाच दिसणार," तात्या म्हणतात, "पण त्या रिकाम्या जागेचेच पैसे मोजलेले असतात. त्या जागेला हेडरूम म्हणतात." पुढे कुणी काही विचारलं नाही तरी ते सांगतात.

त्यांचा पूर मात्र वैशाख शुद्ध चतुर्दशीला येतो, नरसिंह जयंतीला. सध्याचं लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ अठराव्या शतकातलं, पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी बांधवलेलं. आत प्रल्हादाने घडवलेली वाळूची मूर्ती आहे अशी श्रद्धा. त्या दिवशी तिन्हीसांजेला जन्माचं कीर्तन असतं. बुवा प्रल्हादाचं आख्यान लावतात आणि हळूहळू आवाज उतरवत नेतात. "कुठे आहे तुझा देव?" हे हिरण्यकशिपूने विचारलेलं वाक्य दरडावून येतं, पण प्रल्हादाचं उत्तर जवळपास कुजबुजत. सभामंडपात पोरंसुद्धा गप्प. आणि मग खांब फुटतो. पखवाजावर थाप पडते, मागचे टाळकरी एकदम तुटून पडतात, नगारा, घंटा, गजर, सगळं एकाच क्षणी. कुजबुज ४० डेसिबलची धरली आणि तो गजर १०० चा, तर मधला फरक ६० डेसिबलचा. ताकदीच्या हिशेबात दहा लाख पट. नृसिंहाएवढा मोठा प्रवेश दुसऱ्या कुठल्या अवताराला मिळालेला नाही, असं तात्यांचं मत. त्यात तथ्य असावं.

हे कीर्तन तात्यांनी चांगल्या माइकवर, कुठेही दाबून न टाकता रेकॉर्ड केलंय, आणि घरी आलेल्या पाहुण्याला ते ऐकावंच लागतं. बसायची खुर्ची ठरलेली, दोन्ही स्पीकर बॉक्सपासून तीन-तीन मीटरवर. तात्यांचे बॉक्स एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारे. खुर्चीपर्यंत येताना काही आवाज कमी होतो, दोन बॉक्स आणि भिंती काही परत देतात, आणि जमाखर्च होऊन एका वॅटला साधारण ८० डेसिबल कानावर येतात. बुवांचं निरूपण ७० डेसिबलवर ठेवलं तर मशीन खर्च करतं वॅटचा एक दशांश. तासभर हे असंच चालतं. शंभर वॅटचं मशीन, आणि काम विजेरीच्या बल्बापेक्षा कमी. मग खांब फुटतो, आकडा १०० डेसिबलवर जातो आणि पाव सेकंदासाठी पूर्ण शंभर वॅट लागतात. एकदम हजारपट. पाहुण्याच्या हातातला चहा सांडतो. तात्या तृप्त होतात.

सिनेमाच्या नव्या गाण्यांना हे काहीच लागत नाही, हे तात्या जरा तुच्छतेने सांगतात, पण खरं सांगतात. ती गाणी ध्वनिमुद्रणातच अशी दाबून सपाट केलेली असतात की सरासरीपेक्षा त्यांची शिखरं आठ-दहा डेसिबलच वर असतात. ट्रॅक्टरवर, टपरीवर, बसस्टँडवर ऐकायला तेच सोयीचं. उलट दाबलेलं नसेल तर तबला-पखवाज, शास्त्रीय गाणं, विलायती वाद्यवृंद यांची शिखरं वीस डेसिबल आणि त्याच्याही वर जातात. तात्यांच्या एका भाच्याने अमेरिकेहून त्यांना चायकॉव्हस्कीच्या १८१२ ओव्हर्चरची टेलार्क कंपनीची १९७९ ची तबकडी आणून दिली आहे. तिच्यात खऱ्या तोफा आहेत. त्या तोफांनी भल्याभल्या रेकॉर्ड प्लेयरची सुई उडत असे, आणि तुमच्या स्पीकरला जपा असा इशारा कंपनीनेच वेष्टनावर छापला होता. तात्या ती तबकडी देव्हाऱ्याशेजारी ठेवतात, वाजवत मात्र नाहीत. एकदा वाजवली होती, तेव्हा शेजारच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून गेली, असं शेजारी म्हणतात. तात्यांच्या मते म्हैस आधीच सुटलेली होती.

खरी पंचाईत होते ती दुसऱ्या टोकाला. खोलीतला पंखा जोरात फिरत असेल तर त्याचाच आवाज ५० डेसिबलच्या आसपास. म्हणजे ४० डेसिबलचा प्रल्हाद पंख्यात बुडाला. प्रल्हाद ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला तर हिरण्यकशिपू घर डोक्यावर घेतो. तात्यांनी यावर शोधलेला उपाय असा की पंखा बंद करायचा. नरसिंह जयंती येते वैशाखात. पाहुणे घामाने निथळत, रुमालाने वारा घेत कुजबुज ऐकतात, आणि रुमालाची फडफड झाली तर तात्या एका हाताने "शू" करतात. या घरात बारशाला आलेली माणसंही पंखा आधी बघून घेतात.

रात्री उशिरा ऐकावं तर निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची, आणि काकूंची त्याहून कमी.

वीज हा आणखी एक शत्रू. वस्ती मळ्यात असल्याने शेतीची लाइट आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि २३० चा व्होल्टेज १८० वर येतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घसरते, म्हणजे शंभराचे एकसष्ट वॅट उरतात. त्यामुळे वायरमन दिसला की लोक बिलाचं विचारतात, तात्या विचारतात, "रात्रपाळी कुठल्या आठवड्यात?" त्यांच्या मैफिलीचं पंचांग महावितरणचं आहे.

गावातल्या पोरांशी त्यांचा वाद वेगळा. पुतण्याने ४४४० आयसीचं मशीन जोडलं, तेच ज्यातून फार तर १९ वॅट निघतात, आणि त्यावर मोठाले बॉक्स लावून आवाज पार टोकाला नेला. संध्याकाळपर्यंत ट्वीटर जळाला. पोरं म्हणाली, वॅट जास्त झाले. तात्यांनी कॉइल हुंगली आणि निदान केलं, "कमी पडले म्हणून मेला." कोणी विश्वास ठेवला नाही, पण तेही खरं होतं. मशीनची ताकद संपली की ध्वनीच्या लहरीचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. त्या कापलेल्या कडांमधून नसलेले उंच सूर तयार होतात, ते सगळे ट्वीटरकडे जातात, आणि तो बिचारा जेमतेम पाच-दहा वॅट सोसणारा. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या न कापलेल्या लहरीच्या दुप्पट ताकद असते. मोठ्या मशीनवर तोच बॉक्स बेताने वाजवला असता तर अजून वाजत राहिला असता. पुतण्याने नवा ट्वीटर आणला आणि पुन्हा त्याच मशीनला लावला.

तात्यांना कुणी हरवू शकत असेल तर तो देवळाचा माइकवाला. त्याच्याकडे जुनं, खरचटलेलं आहुजाचं मशीन आहे. ही दिल्लीची कंपनी १९४० पासून हेच काम करते. मशीनला कर्णे जोडलेले. तात्यांचे बॉक्स एका वॅटला ८६ डेसिबल देतात, कर्णा देतो १०६. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट. तात्यांचं शंभर वॅटचं मशीन घाम गाळून जेवढा आवाज काढतं, तेवढा कर्णा एका वॅटमध्ये काढतो. काकडआरतीला पहाटे तो सुरू झाला की तात्यांच्या मळ्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतो. "त्यात पखवाजाचा धुमा कुठे आहे? टाळांची झिणझिण कुठे आहे?" तात्या चिडून विचारतात, आणि तेही बरोबर आहे. कर्ण्याला खालचे सूर निघतच नाहीत आणि वरचेही अर्धवट. पण गावाला काकडआरती ऐकू यायला हवी असते, पखवाजाचा धुमा नव्हे. एका वर्षी माइकवाल्याने तात्यांना मशीनवर बसवलं. खांब फुटताना आवाज बारीक करू नये म्हणून तात्यांनी त्याचा हात धरून ठेवला. कर्णा असा किंचाळला की बुवा स्वतः दचकले. पुढच्या वर्षीपासून तात्या श्रोत्यांत बसतात, पहिल्या रांगेत, खांबाशेजारी.

एवढं असूनही मशीन घ्यायचं ठरलं की गावातले लोक शेवटी तात्यांनाच विचारतात, आणि तात्या सल्ला चांगला देतात. नुसती सिनेमाची गाणी आणि बातम्या ऐकायच्या असतील तर वीस-तीस वॅट आरएमएस भरपूर झाले, उगाच खर्च करू नका. भजन, कीर्तन, शास्त्रीय मोकळं ऐकायचं असेल तर शंभरपर्यंत जा. आणि पैसे बेताचे असतील तर वॅट वाढवण्याआधी एका वॅटला ९२ डेसिबल देणारा स्पीकर शोधा. ८६ च्या स्पीकरला जिथे १०० वॅट लागतात, तिथे याला २५ पुरतात. हा सल्ला ऐकून पुष्कळांनी हजारो रुपये वाचवले. तात्यांचे बॉक्स मात्र अजून ८६ डेसिबलचेच आहेत, आणि २०० वॅटच्या मशीनसाठी काकूंकडे अर्ज गेलेला आहे.