पानं किती?

रत्नागिरीत कुठल्याही बेताची सुरुवात एकाच प्रश्नानं होते: पानं किती? मुंज असो, पूजा असो, नाहीतर ताशी 300 किलोमीटर पळू शकणाऱ्या गाड्यांची सहल असो, जेवायला किती माणसं ते आधी सांगायचं. कुठून निघणार, कुठं पोचणार, मुळात कशाला जाणार, या किरकोळ गोष्टी मागाहून ठरवता येतात.

पुण्याच्या भाच्याला हे ठाऊक नव्हतं. एप्रिलातल्या एका शनिवारी आपला ग्रुप कोकणात 'ड्राइव्ह'ला येतोय, सगळ्या स्पोर्ट्स कार आहेत आणि वाटेत ठिकठिकाणी अस्सल स्थानिक खायचंय, असं त्यानं मामांना फोनवर सांगितलं. मामा एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात माइकवरून गाड्या सोडण्यात गेलेली. त्यांनी विचारलं, "पानं किती?"

"बारा गाड्या, मामा."

"एका गाडीत किती?"

"दोन."

फोनवर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मामा म्हणाले, "आमच्या एका गाडीत चव्वेचाळीस बसायची. वर अकरा उभी."

प्रस्तुत लेखक हा मामांचा शेजारी. पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि सामान वाहून न्यायला जी बोलेरो भाड्यानं ठरवली तिच्या मधल्या सीटवर त्यालाही जागा मिळाली. स्पोर्ट्स कारच्या डिकीत एक पिशवी आणि फार तर एक टोपी मावते, म्हणून बोलेरो.

भाच्याचा बेत एक्सेलच्या तक्त्यात होता. सातला रत्नागिरी सोडायची. सव्वासातला आरे-वारेच्या चढावर फोटो. पावणेआठला गणपतीपुळे, उकडीचे मोदक. नऊला जयगड, तिथून फेरीबोटीनं शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळ. दहाला हेदवी, घावन. अकराला वेळणेश्वर, कोकम सरबत. एकला गुहागर, सुरमईचं ताट. संध्याकाळी दापोली. शेवटच्या रकान्याला 'बफर' असं नाव होतं आणि त्यात दहा मिनिटं होती.

मामांनी तक्ता दोनदा वाचला. "पेट्रोल कुठं भरायचं ते आहे यात. नारळ किती खवायचे ते कुठं लिहिलंय?"

प्रश्न रास्त होता. कोकणात जे खाण्यासाठी लोक लांबून येतात, ते बहुतेक करून घरगुती खानावळीत मिळतं, आणि घरगुती खानावळीत तयार असं काही नसतं. आदल्या संध्याकाळी फोन करायचा. मग नारळ सोलले जातात, आमसुलं भिजत पडतात, पिठी काढली जाते. न सांगता बारा जण दारात उभे राहिले तर काकू "या, बसा" म्हणतात, पाणी देतात, आणि पुढच्या खानावळीचा रस्ता दाखवतात. तिथल्या काकूही तेच करतात.

तसं पाहिलं तर मोटार आणि जेवण यांची सोयरीक टायरवाल्यांनी जुळवली. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी 1900 साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि तिच्या 35,000 प्रती फुकट वाटल्या. तेव्हा साऱ्या फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या. हिशोब साधा होता: लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील. पुढं 1926 मध्ये हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात झाली, आणि 1930च्या दशकात त्या ताऱ्यांचे अर्थ ठरले. एक तारा म्हणजे जेवण चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे त्यासाठीच मुद्दाम प्रवासाला निघावं असं. टायर विकणाऱ्याला याहून चांगला विचार सुचणं कठीण.

मामांचीही अशीच प्रतवारी आहे, फक्त ती छापलेली नाही. 'गाडी थांबलीच असेल तर', 'एक गाडी सोडून द्यावी असं' आणि 'मुक्काम करावा असं'. गुहागरच्या काकू तिसऱ्या वर्गात मोडतात. मामांनी त्यांनाच फोन लावला.

"शनिवारी? अहो, संकष्टी आहे त्या दिवशी," काकू म्हणाल्या. "मासे नाही मिळायचे हो आमच्याकडं. आणि उपासाची पानं किती, बिनउपासाची किती, ते वेगळं सांगा."

मामांनी ही बातमी जशीच्या तशी ग्रुपवर टाकली. उत्तरादाखल चार अंगठे आले. ग्रुपमध्ये चाळीस जण होते, त्यातले बारा गाडीवाले 'नक्की' होते, आणि शुक्रवारी रात्री आंबा घाट उतरून रत्नागिरीत पोचल्या त्या पाच गाड्या. दहा माणसं, अधिक मामा, बोलेरोचा ड्रायव्हर आणि प्रस्तुत लेखक. पानं तेरा. काकूंना हा आकडा एका आठवड्यात सहा वेळा बदलून कळवावा लागला होता, आणि सहाव्यांदा त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं होतं. कोकणात नुसतं "बरं" आलं की समजावं, आपलं नाव कुठंतरी टिपून ठेवलं गेलंय.

शनिवारी सातला निघायचं होतं. मामांचं घर पाखाडीच्या खाली, त्यामुळं गाड्या वर रस्त्यावर लावलेल्या. सकाळी उठून बघतात तर भोवती अर्धी वाडी जमलेली. एक आजोबा वाकून गाडीच्या पोटाखाली बघत होते. "हिच्याखालून मांजर तरी जाईल काय हो?" असा त्यांचा प्रश्न होता आणि त्यात कुचेष्टा अजिबात नव्हती.

जाईल, पण अंग चोरून. अशा गाड्यांचं पोट आणि रस्ता यांत साधारण अकरा-बारा सेंटिमीटर अंतर असतं. इंडियन रोड्स काँग्रेसनं 1988 मध्ये घालून दिलेल्या मापानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे अगदी सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा असावा. म्हणजे कागदावर गाडी सुटते. पण आपल्याकडचे काही गतिरोधक रातोरात अवतरतात, आणि ते घालणाऱ्यांनी 3.7 मीटर हा आकडा ऐकलेला नसतो. उंची मात्र त्यांना मनापासून पटलेली असते. अशा जागी गाडी तिरकी घालायची, एक चाक चढवायचं, थांबायचं, दुसरं चढवायचं. हे चालू असताना दुकानातली, पारावरची, एस.टी.ची वाट बघणारी सगळी माणसं रस्त्यावर येऊन हात करतात: "येऊ द्या… येऊ द्या… डावीकडं… बास! बास!" दोन कोटींच्या गाडीला कुशल मार्गदर्शन मिळतं आणि कोणी पैसेही मागत नाही.

जाता जाता एक आठवण करून द्यायला हवी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार तयार झाली होती. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनॉचं 1.2 लिटरचं, ताकद 60 अश्वशक्ती. तेव्हा लोक हसले. आरे-वारेच्या रस्त्यावर एस.टी.च्या मागं दुसऱ्या गिअरात अडकलेल्या 450 अश्वशक्ती पाहिल्या, की उरलेल्या 390 नेमक्या कुठं उभ्या आहेत असा प्रश्न पडतो.

त्या दिवशी एस.टी. पुढं होती ती शेवटपर्यंत पुढंच राहिली. आरे-वारेचा चढ चढला की एका बाजूला दोन किनारे एकदम दिसतात, मधे खडकाचा सुळका घुसलेला, आणि निळ्या रंगाच्या इतक्या छटा की फोटोत कुठलीच नीट येत नाही. इथं तक्त्यात सात मिनिटं होती. पंचवीस मिनिटं गेली. रत्नागिरी ते गणपतीपुळे हे या वाटेनं पंचवीसेक किलोमीटर अंतर. पोचायला सव्वा तास लागला. बोलेरो आधीच पोचून, तिचा ड्रायव्हर दर्शनाची रांग बघून परत आला होता. संकष्टी, तीही शनिवारची. रांगेचं शेपूट त्यानं हातानं दाखवलं. सगळ्यांनी कळसाला बाहेरूनच हात जोडले. मोदकांचं काय, असं एकानं विचारलं. तेवढ्यात त्याला सासूबाईंचा फोन आला आणि त्याला आज उपास आहे असं कळलं. आणखी तिघांना तसंच, निरनिराळ्या फोनांवरून कळलं.

जयगडच्या धक्क्यावर पोचेपर्यंत सव्वानऊ झाले होते.

फेरीबोटीला इकडं लोक जंगलजेटी म्हणतात. ती नाकाची लोखंडी फळी खाली टाकते, सिमेंटच्या उतारावर टेकवते, आणि गाड्या त्या फळीवरून आत जातात. बोलेरो गेली. तिच्यामागून आंब्यांचा टेम्पो गेला. मग पहिली स्पोर्ट्स कार उताराला लागली आणि मामांनी हात वर केला, स्टँडवर गाडी थांबवतात तसा. ओहोटी होती. उताराचा खालचा भाग शेवाळलेला, आणि उतार जिथं संपून फळी सुरू होते तिथला कोन असा, की गाडीचं नाक आधी लागणार आणि चाक नंतर. गाडीत नाक चार सेंटिमीटर वर उचलायचं बटण होतं. ते दाबलं. नाक उचललं गेलं. कोन तसाच राहिला.

"भरती कधी?" भाच्यानं फोन काढून विचारलं. रेंज नव्हती.

"आज तिथी काय?" मामा म्हणाले. "चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला पूर्ण भरती."

किनाऱ्यावर हा हिशोब पोरासोरांना येतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो आकडा भरतीचा. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, कारण चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो. तिथी आणि पाणी एकाच घड्याळावर चालतात. भाचा ऐकत राहिला. ज्या चतुर्थीनं सुरमई घालवली, मोदक घालवला, तिनंच बोटही अडवली होती, आणि एक्सेलमध्ये तिचा रकाना नव्हता. भातगावच्या पुलावरून वळसा घालता आला असता, पण त्या रस्त्यावरच्या गतिरोधकांची गणती मामांनी तोंडपाठ म्हणून दाखवली, तेव्हा थांबायचं ठरलं.

"तीनपर्यंत नको," मामा म्हणाले. "पाणी सारखं चढत नाही. पहिल्यांदा हळू, मधल्या दोन तासांत निम्मं चढतं, मग परत हळू. बारा वाजता बघू."

तीन तास पाच गाड्या धक्क्यावर ओळीनं उभ्या राहिल्या. उन्हात छप्पर उघडायची सोय नव्हती, म्हणजे होती, पण कोणाची हिंमत नव्हती. टपरीवाल्यानं बिनउपासाच्यांना कांदाभजी तळून दिली आणि उपासवाल्यांना शहाळी फोडून दिली. तक्त्यात नसलेला हा थांबा सगळ्यांत लांबला, आणि सगळ्यांत आवडलाही. बाराला पाणी शेवाळाच्या वर आलं होतं. धक्क्यावरच्या दोन पोरांनी कुठूनशा लाकडी फळ्या आणून कोनात घातल्या, आणि एकेक गाडी, बाळंतिणीला जिना उतरवतात तशी, आत घेतली गेली.

पलीकडं तवसाळला बोलेरो सावलीत उभी. ड्रायव्हर झोपून उठला होता.

हेदवीच्या पुढं एका सड्यावर रस्ता मोकळा मिळाला. जांभ्या दगडाचं उघडं पठार, वाळलेलं गवत, ना घर, ना एस.टी. तिथं चार मिनिटं त्या गाड्या ज्यासाठी जन्मल्या तशा पळाल्या. आवाज मागाहून बोलेरोपर्यंत पोचला आणि खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. पाचव्या मिनिटाला म्हशी आल्या.

काकूंकडं पोचायला अडीच झाले. "एकचं पान अडीचला," एवढंच त्या म्हणाल्या आणि वाढायला घेतलं. उपासाच्यांना वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. बाकीच्यांना ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, भात, सोलकढी. सुरमई नाही म्हणून तोंड पाडून बसलेल्या गृहस्थांनी उसळ तीनदा मागून घेतली, आणि चौथ्यांदा काकूंनी न विचारता वाढली.

मुक्काम तिथंच पडला. तक्त्याप्रमाणे सगळे त्या वेळी दापोलीत असायला हवे होते. संध्याकाळी माजघरात मोदक करायला घेतले तेव्हा भाचा बघायला जाऊन बसला. काकूंनी उकडीचा गोळा तेला-पाण्याच्या हातानं मळला, बोटांनी फिरवत फिरवत त्याची वाटी केली, कडेला चिमटीनं कळ्या पाडल्या, सारण भरलं आणि सगळ्या कळ्या वर आणून मिटवल्या. हाताला माप नव्हतं, तरी एकेक कळी सारखी. भाच्यानंही एक करून पाहिला. तो मुडपलेल्या बंपरसारखा दिसत होता. काकूंनी तो चाळणीत कडेला ठेवला, "तुझा तू ओळखशील ना, बाळा," म्हणाल्या. साडेनऊच्या सुमाराला चंद्र उगवला. पानं तेरा, सगळी एकाच पंक्तीला. बंपर भाच्याच्याच पानात आला आणि त्यानं त्यावर सर्वांत जास्त तूप घेतलं.

रविवारी दुपारी रत्नागिरीहून परत निघताना मामांनी हापूसची पाच डझनी पेटी आणून ठेवली. डिकी उघडली, पेटी आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. शेवटी भाचेसून स्वतःच बोलेरोत जाऊन बसली. पेटी पुढच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू केल्याबरोबर टूं टूं करायला लागली, कारण सीटवर कोणीतरी बसलंय आणि त्यानं पट्टा लावलेला नाही, असं तिला वाटलं. भाच्यानं पेटीला पट्टा लावला. गाडी गप्प झाली.

"एक पान वाढलं," मामा म्हणाले, आणि हातानं इशारा करून त्यांनी आधी बोलेरो सोडली.